माझ्या पोटातली अक्षता

मी एक जुना व्हीसीआर आहे, आणि एका बाईचा गुन्हेगार आहे. मित्रांनो, व्हीसीआर म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आईबाबांना विचारावं लागेल. पूर्वी सिनेमा फोनवर येत नसे. तो वहीएवढ्या काळ्या कॅसेटमध्ये टेपेवर भरून मिळायचा. ती कॅसेट माझ्या तोंडात सरकवून बटण दाबलं, की मी टेप रुळांवरून फिरवायचो आणि टीव्हीवर चित्र उमटायचं. एवढंच माझं काम. ते मी आयुष्यभर चोख केलं, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. नांदेडच्या एका दुकानातून मला अमृतरावांनी घेतलं. जवळा बाजार या गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. एसटीत त्यांनी मला वरच्या फळीवर ठेवलं नाही, सगळा रस्ता मांडीवर धरून आणलं. दारात त्यांच्या बायकोने, सोजराबाईंनी, माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. त्यांच्या लग्नाला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती.

मग माझा थाट काय विचारता! कुणाकडे बारसं असलं की मला बोलावणं, साखरपुडा असला की मला बोलावणं. दर शनिवारी संध्याकाळी अमृतराव हिंगोलीच्या कॅसेट लायब्ररीतून एखादा सिनेमा आणायचे आणि आमच्या ओसरीवर शेजारपाजार जमायचा. माझ्यावर विणलेलं झाकण होतं. लेकरांनी मला हात लावायचा नाही, असा घरात नियम होता. मला चांगलाच माज चढला होता, हे कबूल करतो.

सिनेमा कोणता बघायचा, ते मात्र कायम अमृतरावच ठरवायचे. सोजराबाई एकच सिनेमा मागत होत्या. लहानपणी औंढ्याच्या जत्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये, त्यांनी वडिलांबरोबर एक जुना काळापांढरा सिनेमा बघितला होता. तोही अर्धाच, कारण मध्यंतरात गावाकडची बैलगाडी निघाली. त्यात एक बहीण हरवलेल्या भावाला शोधायला नदीपलीकडे जाते. ती परत येते की नाही, हे सोजराबाईंना कळलंच नव्हतं. शेजारच्या मालनबाईंना त्यांनी ही गोष्ट माझ्यासमोर इतक्या वेळा सांगितली, की त्या बहिणीची मलाही काळजी वाटू लागली होती. अमृतराव म्हणायचे, पुढच्या शनिवारी बघू. असे कितीतरी शनिवार गेले.

एका वर्षी खंडेनवमी आली. या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा करतात. गिरणीची झाली, तराजूची झाली, सायकलची झाली, मग माझी पाळी आली. अमृतरावांनी मला गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता टाकल्या. त्यातल्या काही माझ्या उघड्या तोंडातून आत गेल्या. अमृतरावांनी ते पाहिलं आणि मशिनीलाही प्रसाद लागतो, असं म्हणून ते हसले. मीही खूश झालो. आत गेलेले दाणे तळाशी पडले. एक ओला दाणा मात्र रुळाला चिकटला. मला तो टोचत होता, पण पूजेच्या आनंदात मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दोन दिवसांनी शनिवार होता. सोजराबाई बांगड्या भरायला हिंगोलीला गेल्या होत्या. येताना त्या स्वतः लायब्ररीत शिरल्या आणि तोच सिनेमा शोधून घेऊन आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या मनाने सिनेमा निवडला होता. अमृतराव गिरणीवर होते. मालनबाई आणि आणखी चार बायका जमल्या. सोजराबाईंनी हात पदराला पुसून कॅसेट माझ्या तोंडात दिली आणि बटण दाबलं. नवऱ्याचं बघून बघून त्या सगळं शिकल्या होत्या. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

अर्धा सिनेमा नीट झाला. बहीण नावेत बसली. सोजराबाई पुढे सरकून बसल्या, कारण इथून पुढचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात त्या दाण्याला टेप चिकटली. मी थांबायला हवं होतं. मी ती ओढत राहिलो, गुंडाळत राहिलो, चुरगाळत राहिलो. टीव्हीवर नुसत्या रेघा आल्या.

अमृतराव पिठाने माखलेल्या हातांनी आले. त्यांनी कॅसेट उपसून काढली, तेव्हा टेपेची भेंडोळी बाहेर लोंबत होती. सगळ्या बायकांसमोर ते सोजराबाईंना म्हणाले, "तुला काई कळतंय का त्यातलं? काहून हात लावलीस मशिनीला?"

सोजराबाई म्हणाल्या, आपण फक्त बटण दाबलं. अमृतराव म्हणाले, मशीन काही आपोआप बिघडत नसते. बायका एकेक करून उठल्या. लायब्ररीत त्या सिनेमाची तेवढी एकच कॅसेट होती.

मित्रांनो, माझा खरा गुन्हा याच्या पुढचा आहे. कॅसेट उपसताना तो दाणा रुळावरून सुटून कोपऱ्यात जाऊन अडकला. पुढच्या शनिवारी अमृतरावांनी त्यांच्या आवडीची कॅसेट घातली आणि मी कुरकुरलोसुद्धा नाही. लख्ख चित्र दाखवलं. त्या दिवशी मी बंद पडलो असतो, तर कुणीतरी मला उघडून पाहिलं असतं. मी चाललो, म्हणून सगळ्यांची खात्रीच पटली. सोजराबाईंचीही पटली. त्या मालनबाईंना म्हणाल्या की आपलाच हात वाईट असेल. ते ऐकताना मी त्यांच्यासमोर ऐटीत सिनेमा दाखवत होतो. त्याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर त्यांनी माझ्या बटणाला कधी बोट लावलं नाही. कोणता सिनेमा बघायचा, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मला काय कळतंय त्यातलं." पुढे पुढे हेच उत्तर त्या भिंतीच्या रंगालाही देऊ लागल्या, सणाच्या लुगड्यालाही देऊ लागल्या. अमृतराव वाईट माणूस नाहीत. आपण काय बोललो, हे ते आठवड्याभरात विसरून गेले होते. घर मात्र त्यांच्याच आवडीने चालायला लागलं, आणि तसं का झालं, याचा त्यांना कधी प्रश्न पडला नाही.

नवी यंत्रं आली तशी माझी रवानगी गिरणीच्या माळ्यावर झाली. माझ्यावर पिठाचा थर बसला. लोक मला विसरले याचं मला वाईट वाटलं नाही. मला वाटायचं, हीच शिक्षा योग्य आहे.

यंदा अमृतराव आणि सोजराबाईंच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. त्यांची सून प्रतिक्षा शाळेत शिक्षिका आहे. तिने ठरवलं की शनिवारी संध्याकाळी सासू-सासऱ्यांसाठी मोठ्या टीव्हीवर एक छानसा जुना सिनेमा लावायचा, आणि तो आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, निवडायचा. सोजराबाईंनी नेहमीचं उत्तर दिलं. अमृतरावांनी लगेच एका सिनेमाचं नाव सांगितलं. त्यावर प्रतिक्षा सासऱ्यांना म्हणाली, "मामा, तुमाला न्हाई विचारलं."

अमृतराव जरा खजील झाले. विषय बदलायचा म्हणून ते म्हणाले, आपला जुना व्हीसीआर दुरुस्त करून आणतो, जुना सिनेमा जुन्या मशिनीवरच बघू. मला माळ्यावरून काढून, पोत्यात घालून, ते बसस्टँडजवळ धम्मानंदच्या दुकानात घेऊन गेले. धम्मानंद फोन आणि टीव्ही दुरुस्त करतो. तो म्हणाला की माझं रबर गेलं आहे, आता मी चालणार नाही. तरी त्याने मला उघडलं. मग चिमट्याने कोपऱ्यातून काहीतरी काढून अमृतरावांच्या तळहातावर ठेवलं. तो लालसर दाणा होता, आणि त्याला टेपेचा बारीक तुकडा चिकटलेला होता.

"काका, ह्याच्यात अक्षता टाकल्या व्हत्या का कुणी?" त्याने विचारलं. "ह्या दाण्यानंच टेप खाल्ली आसंल बघा कवातरी."

अमृतराव दुकानातल्या स्टुलावर बसले. धम्मानंदने चहा मागवला, तो तसाच निवला. तो दाणा त्यांनी रस्त्यात टाकून दिला असता, तर कुणाला कळणार होतं? त्यांनी तो कागदाच्या पुडीत बांधला आणि खिशात ठेवला.

मला घेऊन घरी आल्यावर त्यांनी आधी मालनबाईंना बोलावून घेतलं. मालनबाई आता काठी टेकत चालतात. सोजराबाई डाळ निवडत बसल्या होत्या. अमृतरावांनी पुडी त्यांच्या सुपात उघडून ठेवली. मग ते म्हणाले, "मालनबाई, तवा तुमच्यासमोर बोललो व्हतो, म्हणून तुमच्यासमोरच सांगतो. ती कॅसेट हिनं न्हाई बिघडवली. अक्षता म्या टाकल्या व्हत्या. चूक माझी हाय."

सोजराबाईंनी दाणा बोटाने उलटा करून पाहिला. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. डाळीतले चार खडे आणखी निवडले. प्रतिक्षाने सगळं ऐकलं, फोनवर शोधाशोध केली आणि तो नदीचा सिनेमा काढला. तो आता घरबसल्या बघता येत होता. सगळे सोजराबाईंकडे बघायला लागले.

"तो नको," सोजराबाई म्हणाल्या. "ती बहीण म्या माझ्या मनानं कवाच घरी आणली. आता खरं बघून काय करू?"

अमृतरावांची मान खाली गेली. माझ्या मनात मात्र वेगळीच आशा होती. त्यांनी तो सिनेमा शेवटपर्यंत बघावा म्हणजे माझं ओझं उतरेल, असं मला वाटत होतं. तसं काही होणार नव्हतं.

मग सोजराबाईंनी सुनेकडून रिमोट मागून घेतला. कोणतं बटण दाबायचं ते दोनदा विचारलं. एक सिनेमा लावला, गाणं ऐकलं, बंद केला. दुसऱ्यातली नायिका आवडली नाही. स्वयंपाक निवत होता, पण कुणी घाई केली नाही. एकदा अमृतरावांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. शेवटी एक ठरला. पाऊण तास बघितल्यावर त्या म्हणाल्या, "हा काई बराबर न्हाई. माझा अंदाज चुकला." आणि शांतपणे पुढचा शोधायला लागल्या. आपण चुकलो, हे त्या इतक्या निर्धास्तपणे म्हणाल्या, की मालनबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तोंड नाही. आमच्या चुका आम्हाला कबूल करता येत नाहीत, म्हणून घरात जे माणूस उलट बोलत नाही, त्याच्या माथी त्या मारल्या जातात. तुमच्या घरी काही बिघडलं, तर आधी ते उघडून बघा. माझं झाकण उघडायला धम्मानंदला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चारच स्क्रू होते.