दगडासाठी फोटो

माझ्या धाकट्या भावाच्या, मेदेरच्या, कॅमेऱ्याचं कौतुक गावातल्या कुत्र्यांनाही पाठ झालं असेल. भगवा, साबणाच्या वडीएवढा. मेदेर कोकोमेरेन नदीत परदेशी पाहुण्यांना रबरी होडीतून न्यायचा. त्यातल्याच एका पाहुण्याने खूश होऊन जाताना तो कॅमेरा त्याला देऊन टाकला. तेव्हापासून आमचा शहाणा भाऊ कॅमेरा दगडावर आपटून दाखव, घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, कुमिसच्या, भांड्यात बुडव, कडाक्याच्या थंडीत हातमोजे न काढता फोटो घे, असं करत फिरायचा. आणि कॅमेऱ्याला खरंच काही व्हायचं नाही.

"एजे, एक वेळ माणूस मरेल, हा मरायचा नाही," असं मला ऐकवायचा. मी त्याची थोरली बहीण, त्यामुळे ऐकवायला हक्काचीच.

त्या कॅमेऱ्याच्या झाकणाला आतून एक रबरी कडं होतं. त्यावर वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत शिरणार. वल्हं मारून मारून मेदेरची बोटं जाडजूड झालेली, म्हणून ते कडं रोज संध्याकाळी आमची आई पुसायची. आपा म्हणायचो आम्ही तिला. चष्मा लावून, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने, चांगली पाच-पाच मिनिटं. मी बिश्केकला शिलाईच्या कारखान्यात होते, सुट्टीत आले की हे बघायचे. एकदा न राहवून म्हटलं, "मेदेर, हिचा एखादा तरी नीट फोटो काढ की रे."

"आपा कुठे पळून जातेय? काढू निवांत."

आपाही तसलीच. "माझं काय बघायचंय मेलं? नदीचे काढ."

फेब्रुवारीत ती अकरा दिवसांच्या दुखण्याने गेली. पुढे कडं पुसायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. जूनमध्ये कॅमेऱ्याच्या काचेआड वाफ धरली आणि जुलैत त्याच्या पोटात पाणी झालं. मेदेरने तो खिडकीत ठेवून दिला. मला मेदेरची कीव आली नाही.

वर्ष भरायला अवकाश होता, पण बर्फ पडायच्या आतच आपाच्या वर्षाचं जेवण घालायचं आणि थडग्यावर दगड बसवायचा, असं ठरलं. आमच्याकडे काळ्या दगडावर सुईने ठिपके ठोकून माणसाचा चेहरा उतरवतात. थडग्यावर चित्र नको म्हणून मुल्ला कुरकुरतो, पण त्याचा स्वतःचा बाप टेकडीवरच्या कबरस्तानात दगडावर पांढऱ्या टोपीत ऐटीत बसलाय. आपाच्या शेजारी बाबांचाही चेहरा आहे. त्यासाठी दिलेला दोघांचा लग्नातला फोटो तेव्हाच्या कारागिराने हरवला. तो कारागीरही आता टेकडीवरच आहे.

म्हणून कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन आम्ही चाएक गावी दगड कोरणाऱ्या सागिन कारागिराकडे गेलो. त्याने ते संगणकात घातलं. सात हजार फोटो निघाले. लाटा, शिरस्त्राणं, अनोळखी माणसांचे दात. त्यात आपाला शोधत दुपार झाली. एका फोटोत ती तंबूत चहा ओतत होती. आत उजेड कमी आणि कॅमेऱ्याचा डोळा बटणाएवढा, त्यामुळे तोंडाची नुसती लापशी झाली होती. दुसऱ्यात फ्लॅश असा पडला होता की पीठ फासल्यासारखी दिसत होती, नाकच नाही. तिसऱ्यात लांब अंगणात कपडे वाळत घालत होती. सागिनने ती मोठी करून पाहिली तर राहिले नुसते चौकोन.

"हा नदीवरचा कॅमेरा आहे, बाळ," सागिन म्हणाला. "घरातल्या माणसाचा नाही."

मी मेदेरवर उसळले. "सात हजार! जगातल्या सगळ्या उपऱ्यांची थोबाडं आहेत, आणि जन्म दिलेल्या बाईचं एक नाही!"

"आणि तू?" तो ओरडला. "तिचा पासपोर्ट कचेरीत कोणी जमा केला? निदान फोटोची नक्कल तरी काढायची!"

मीच केला होता. मृत्यूचा दाखला घेताना बाईने मागितला आणि मी देऊन टाकला. रांग मोठी होती.

"भांडा बाहेर जाऊन," सागिन म्हणाला. "हा कोणता?"

तो फोटो निघाला त्या दिवशी शेजाऱ्यांना गंमत दाखवायला मेदेरने कॅमेरा आपोआप फोटो घेईल असा लावून पाण्याच्या बादलीत सोडला होता. आपाला ठाऊक नव्हतं. कॅमेरा बुडाला समजून ती चुलीपासून धावत आली होती. फोटो बादलीच्या तळातून निघालेला. वर स्वच्छ ऊन, आणि वाकलेली आपा. तिचा हात पाण्याला टेकायच्या आधीच फोटो निघाला होता. एकेक सुरकुती मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं.

"हा चालेल," सागिन म्हणाला.

"तोंड मिटता येईल का, बाइके?" मेदेरने त्याला दादा म्हणावं तसं विचारलं.

"मिटेन की. पण मग ती तुझी आई राहणार नाही. आहे तसं हवं तर सांग."

आम्ही दोघं गप्प बसलो. त्याने तो होकार धरला.

दगड बसला. दुआ झाली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. शेजारची म्हातारी कालबुबू दगडाजवळ गेली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"तुझी आई, बुरुल, एवढी घाबरलीय कशाला रे? काय झालं होतं?"

मला सांगता आलं असतं. पण मी मुद्दाम थांबले. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"माझा कॅमेरा पाण्यात पडला होता, आजी," मेदेर बुटांकडे बघत म्हणाला.

"अगं बाई! मग, वाचला का?"

"त्याला काही होणार नव्हतं. मीच टाकला होता. गंमत म्हणून."