शेवटचा रकाना

त्या वृद्धाश्रमात ‘काळजी’ हा शब्द पाण्यासारखा वापरला जाई. दारावरच्या पाटीवर काळजी, माहितीपत्रकात काळजी, आणि भेटायला आलेले लेक-जावई दहा मिनिटांत पाय काढता घेताना उंबऱ्यातून म्हणणार, काळजी घ्या हं. कोणी कोणाची घ्यायची, हे विचारायची सोय नाही. त्यात वरच्या ऑफिसने नवा तक्ता काढला. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक कागद. त्यावर आंघोळ, औषध, जेवण, कूस बदलली, आणि शेवटचा रकाना ‘काळजी घेतली’. ज्या पाळीने काम केलं तिने बरोबरची खूण करायची आणि मोठ्या बाईंनी रोज खाली सही ठोकायची.

मोठ्या बाई म्हणजे तिथल्या मुख्य परिचारिका. नाकावर माशी बसू देणार नाहीत अशा, पण मनाने वाईट नव्हेत. त्यांच्या डोक्याला ताप एकच, सकाळपाळीच्या मावशी. वीस वर्षं झाली त्यांना इथे. चार रकाने कसे नीटनेटके भरलेले, आणि शेवटचा मात्र तीन आठवडे कोराच. अखेर ऑफिसचं पत्र आलं. शनिवारपर्यंत रकाना भरला नाही, तर त्यांना कामावरून कमी करा. मावशींच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी बाईंनी त्यांना गुरुजींच्या खोलीत गाठलं. गुरुजी निवृत्त शिक्षक. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. मावशी कोमट पाण्याच्या भांड्यात दोन्ही हात बुडवून उभ्या होत्या. गार हात लागला की म्हातारं माणूस दचकतं, म्हणून हा त्यांचा रोजचा नेम. मग त्यांनी हात पुसले, आता डावी कूस करायचीय असं गुरुजींना सांगितलं, आणि त्यांनी डोळे मिटून हो म्हटल्यावरच खांद्याला हात घातला. घाई नाही, की उगाच गोड बोलणं नाही. बाई बघतच राहिल्या. मग भानावर येऊन त्यांनी सुनावलं, की एक खूण करायला काय जातं तुमचं? नोकरी जाईल अशाने.

“आंघोळ मी घातली, औषध मी दिलं, ते मला ठाऊक,” मावशी म्हणाल्या. “काळजी घेतली की नाही, ते मी कसं लिहू, बाई? ज्याची घ्यायची त्यालाच विचारा की.”

घ्या! बाईंनी तणतणत सगळ्या खाटांचे आठवड्याचे तक्ते गोळा केले आणि त्या आपल्या खोलीत ते उपसत बसल्या. चार नंबरच्या आजींचा कागद हातात आला आणि त्या गारच पडल्या. आजींना मुलगी सोमवारी घरी घेऊन गेली होती. तरी मंगळवारी, बुधवारी, दुपारपाळी आणि रात्रपाळी, दोघींनीही काळजी घेतल्याची खूण केलेली. फक्त सकाळच्या ओळीत मावशींनी लिहिलं होतं, ‘आजी घरी गेल्या’. आणि खाली बाईंची स्वतःची ठसठशीत सही.

बाईंना लाज वाटली. त्या तशाच उठल्या, गुरुजींच्या खोलीत गेल्या, त्यांचा तक्ता त्यांच्यापुढे धरला आणि डाव्या हातात लाल पेन्सिल दिली. म्हणाल्या, आता तुम्हीच सांगा.

चाळीस वर्षं पेपर तपासलेला माणूस तो! गुरुजींनी एकेक ओळ वाचली. दुपारपाळीच्या खुणेवर काट, रात्रपाळीच्या खुणेवर काट. मंगळवारच्या दुपारची खूण तेवढी त्यांनी राहू दिली, अन्याय नको म्हणून. मावशींच्या प्रत्येक कोऱ्या चौकटीत वाकडीतिकडी, थरथरती बरोबरची खूण उमटली. बाई थक्क झाल्या. त्या कागद परत घेणार, तोच पेन्सिल खाली सरकली आणि बाईंच्या सहीपुढे थांबली. गुरुजींनी तिथे एक प्रश्नचिन्ह काढलं.

दारातून डोकावून सही करण्यापलीकडे बाई या खोलीत कितीदा आल्या होत्या?

तोच कागद त्यांनी प्रश्नचिन्हासकट ऑफिसला पाठवला. सोबत लिहिलं, रकाना भरला आहे, आणि कोणाला कमी करायचंच असेल तर आधी मला करा. ऑफिस मूग गिळून बसलं. पुढच्या आठवड्यात नवे तक्ते आले, शेवटचा रकाना गाळून. मावशींबद्दल अवाक्षर नव्हतं.

पण हे नंतरचं. त्या शनिवारी सकाळी बाई बाह्या दुमडून गुरुजींच्या खोलीत आल्या, आणि मावशींच्या शेजारी उभं राहून त्यांनी भांड्यात हात बुडवले. मग हात पुसून विचारलं, “गुरुजी, डावी कूस करू?”

गुरुजींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मावशींकडे.

“नवीन आहेत,” मावशी म्हणाल्या. “जरा सांभाळून घ्या त्यांना.”

गुरुजींनी डोळे मिटले.