उपाशी घणाचे घाव

मी एक जुना टायर आहे. सात वर्षं ट्रॅक्टरखाली ऊस ओढला, झिजलो आणि कोल्हारच्या गहिनीनाथ वस्तादांच्या तालमीत मार खायला आलो. मित्रांनो, पैलवान माझ्यावर घण घालतात. घावावरून मी माणूस ओळखतो.

वस्तादांची मुलगी दिशा घण घाली, तेव्हा पहिले दहा सेकंद माझ्या आतल्या तारा झणझणत. मग मिनिटभर घाव नेटाने पडत, पण हलके. पुढे तिला धाप लागे आणि ते संथ होत. असं का, ते मला शाळेच्या क्रीडाशिक्षिका प्रणिता मॅडमांमुळे कळलं. त्या वस्तादांना सांगत होत्या, "पहिला जोर स्नायूंत आयता साठवलेला असतो. तो दहा सेकंदांत सरतो. मग स्नायू साखर जाळतात, तेव्हा हातपाय पेटतात. त्यानंतर सगळी मदार श्वासावर. पण जाळायला पोटात काही नको का? तिला जेवू द्या."

"खालच्या वजनगटात बसायला अडीच किलो उतरवायचंय अजून," वस्ताद म्हणाले. "भूक मारल्याबिगर पैलवान व्हत न्हाई, मॅडम."

कुस्तीची निवड चाचणी आठवड्यावर आली होती. दिशा दोन दिवस नुसत्या पाण्यावर होती. त्या सकाळी तीन घाव बरे पडले, चौथा निसटला. ती गुडघ्यांवर आली. वस्तादांनी कमरेचा पट्टा काढला.

"ऊठ!"

पट्टा पाठीवर कडाडला. पुन्हा. पुन्हा. सदरा फाटला, रक्ताचे थेंब माझ्यावर उडाले. पाचवा फटका दिशाने हातात धरला. वस्तादांना ओढून तिने माझ्याशेजारी आपटलं, छातीवर गुडघा रोवला आणि घण उचलला.

"दिशे, बाप हाय मी तुझा!"

घण त्यांच्या कानाजवळून माझ्यावर आदळला. माझी कड उभी फाटली.

"मला भूक लागलीय, आण्णा," ती म्हणाली आणि त्यांच्याच अंगावर शुद्ध हरपून कोसळली.

वस्तादांनी तिला दोन्ही हातांवर उचलून दवाखान्यात नेलं.

चाचणीत दिशा वजन न उतरवता वरच्या वजनगटात लढली. उपांत्य फेरीत हरली, पण शेवटच्या मिनिटातही डाव टाकत होती म्हणे. आता सरावाआधी वस्ताद स्वतः सगळ्यांना केळी वाटतात. दिशा त्यांच्या हातचं केळं अजून घेत नाही. ती घरून भाकरी खाऊन येते.

मित्रांनो, मी रबर आहे, मला भूक नाही. मला खुशाल मारा. पण माणसाच्या शरीराला कामाला जुंपण्याआधी एवढं तरी विचारा, जेवलास का?