दूध काढायच्या मशीनचं पुस्तक

निवेदिता मॅडमनी तपासलेल्या निबंधांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि वर्गाला विचारलं, "तुमच्यापैकी डॉक्टर कुणाकुणाला व्हायचंय?"

पारनेरच्या कॉलेजातला बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा तो इंग्रजीचा तास होता. कुणीच हात वर केला नाही.

"मग चौदा जणांनी तसं का लिहिलंय? तेही शब्दाला शब्द सारखं? आणि आर्ट्सला येऊन?"

वर्ग हसला. तिसऱ्या बाकावरच्या स्नेहल औटीनं मान खाली घातली. त्या चौदांत ती होती. 'माझे ध्येय' हा निबंध तिनं एसटीत बसून मोबाईलवरून उतरवला होता, आणि उतरवताना तो नीट वाचलाही नव्हता.

मॅडम मात्र चिडल्या नाहीत. "विषय मीच शिळा दिला," त्या म्हणाल्या. "आता असं करा. घरात इंग्रजीत छापलेलं काहीही शोधा. औषधाची बाटली, बियाण्याची पिशवी, काहीही चालेल. ते शेवटपर्यंत वाचा, अडलेले शब्द डिक्शनरीत बघा. मग त्यातून काय कळलं आणि पुढं काय घडलं ते एक पान लिहा. तुमच्या घरात काय घडलं ते मोबाईलला ठाऊक नाही, त्यामुळे त्याला विचारू नका."

स्नेहल घरी आली तेव्हा तिचे वडील कानिफनाथ आणि आई सत्यशीला गोठ्यात हातानंच दूध काढत होते. गाई पाच. आठ महिन्यांपूर्वी हौसेनं घेतलेलं दूध काढायचं मशीन कोपऱ्यात उभं होतं. पंधरा दिवसांपासून त्याचे कप गाईच्या सडांना धरतच नव्हते, सुटून खाली पडत. चंद्री नावाच्या गाईनं तर दोनदा लाथ मारून ते उडवले होते. सुप्याचा मेकॅनिक रोज 'उद्या येतो' म्हणत होता.

मशीनसोबत आलेलं पुस्तक खुंटीला टांगलेल्या पिशवीत होतं. प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. बत्तीस पानं, सगळी इंग्रजीत. स्नेहलनं ते घेतलं आणि ओट्यावर डिक्शनरी उघडून बसली.

पहिल्या संध्याकाळी चार पानं झाली. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी एकोणिसाव्या पानावर चौकटीत ठळक अक्षरांत एक वाक्य आलं. तिनं शब्द शोधले, वाक्य जुळवलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पल्सेटरला कधीही तेल घालू नका.

पल्सेटर म्हणजे मशीनवरची ती टकटक करणारी डबी. तिच्यातून हवा थांबत थांबत जाते म्हणून कप वासरासारखे चोखतात. आणि या डबीत पप्पा दर रविवारी न चुकता तेल सोडत होते. "यंत्राची निगा माझ्यापासून शिका," असं सगळ्या आळीला सांगतही होते.

"पप्पा," ती चाचरत म्हणाली, "पल्सेटरमध्ये तेल घालायचं नसतं."

"कोन म्हनतं?"

"पुस्तक."

"पुस्तकानं कधी धार काढलीय का? यंत्र हाय ते. तेलाबिगर यंत्र चालतंय व्हय?"

"मोठ्या अक्षरात लिहिलंय, पप्पा."

"आता आर्ट्सची पोरगी मला मशीन शिकवनार!"

सत्यशीलानं दुधाची बादली खाली ठेवली आणि दोन्ही मनगटं दाबली. "मेकॅनिक यायचा तवा येईल. तवर पोरगी सांगती तसं करून बगा. माजं मनगाट आता माजं ऱ्हायलं न्हाई."

कानिफनाथांनी तोंड वाकडं करत पाना आणला. स्नेहल एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागली, ते तसं करू लागले. चार बोल्ट निघाले, झाकण उघडलं. आत तेल आणि धुळीचा काळा लगदा झाला होता. हवेचं बारीक भोक त्यानं पार बुजलं होतं.

कानिफनाथांनी फडक्यानं तो लगदा पुसून भोक मोकळं केलं. मग म्हणाले, "पुढं वाच."

"डायफ्रॅम काढून कोमट पाण्यात साबणानं धुवा. डायफ्रॅम म्हणजे... पडदा."

"ह्यो रबराचा. कळलं. पुढं?"

"पूर्ण वाळवा."

"थांब. आदी वाळवायचा का आदी बसवायचा? परत वाच."

तिनं परत वाचलं. ते मान डोलवत ऐकत होते. डबी बंद झाली, मशीन सुरू झालं. टक, टक, टक. मिनिटाला साठ ठोके पडले पाहिजेत, असं पुस्तकात होतं. स्नेहलनं मोबाईलवर वेळ लावली, कानिफनाथांनी मोठ्यानं मोजले. एकसष्ट.

"येक जास्तच देतंय," ते म्हणाले.

कप चंद्रीला लावले. चंद्रीनं कान हलवला आणि रवंथ करत उभी राहिली. पारदर्शक नळीतून दुधाची पांढरी रेघ धावली तशी सत्यशीला हसायला लागली. "आन तेल कुठलं घालत हुते वो तुमी?"

"तुज्या शिलाई मशीनचं," कानिफनाथ पुटपुटले.

"तरीच! म्हैना झाला, बाटली रिकामीच घावती. मला वाटलं उंदरं पित्यात."

स्नेहलनं हे सगळं स्वतःच्या इंग्रजीत एक पान लिहिलं. पान परत आलं ते तांबड्या शाईनं भरून. तेवीस चुका होत्या. खाली मॅडमनी लिहिलं होतं, 'मशीन कळलं. पण वडील काय म्हणाले? ते घालून परत लिहा.'

हे तर फारच अवघड निघालं. 'पुस्तकानं कधी धार काढलीय का' हे इंग्रजीत कसं म्हणायचं? डिक्शनरीत 'धार' शोधलं तर चाकू-सुरीची धार निघाली. शेवटी ती स्टाफरूममध्ये गेली. मॅडमनी वाक्य ऐकलं, चष्मा काढला आणि पोटभर हसल्या. मग दोघींनी मिळून ते बसवलं : हॅज अ बुक एव्हर मिल्क्ड अ काऊ?

दोन दिवसांनी तिनं अडीच पानं वर्गात वाचून दाखवली. सुरुवातीला ती मान वर न करता भराभर वाचत होती. पण त्या वाक्याला सगळा वर्ग खळाळून हसला, आणि आपण इंग्रजीत लिहिलेल्याला लोक हसतात, तेही जिथं हसायला हवं तिथंच, याचं तिला इतकं नवल वाटलं की पुढची ओळच सापडेना.

तास संपल्यावर सुनील जवळ आला. तो जवळा गावचा, तिच्याच वर्गातला. "आमचं पण मशीन बंद पडलंय. तुझे पप्पा बघतील का?"

घरी निबंधाचा अर्थ ऐकून कानिफनाथ म्हणाले, "तेलाचं कशाला लिवलं?"

"तेच तर खरं झालं ना."

"व्हय, ते हाय. पन 'माय फादर' काय? नाव घाल. पुरं नाव."

तिनं नाव घातलं.

रविवारी सुनीलच्या गाडीवर मागं बसून कानिफनाथ जवळ्याला गेले. पिशवीत पाना, फडकं आणि पुस्तक. स्नेहलला मॅडमनी दिलेलं पुढचं पान लिहायचं होतं, म्हणून ती घरीच थांबली. अर्ध्या तासात फोन वाजला.

"स्नेहल, ह्यांचं मशीन दुसऱ्या कंपनीचं निगालं. पुस्तकबी दुसरंच हाय. मी उगडायच्या आदी फोटू धाडतो, तू वाच. सावकाश वाच, घाई न्हाई. आमी च्या पितो तवर."

स्नेहलनं आपलं पान बाजूला सारलं आणि डिक्शनरी जवळ ओढली.