वीतभर जमीन

"इतिहास कुणाच्या बापाला घाबरत नाही!" अशी गर्जना करून एफो डोगबेनं भाचीच्या फोनवर पालथा पंजा ठेवला.

"मामा, हात काढा," एसिनाम म्हणाली. "काही दिसत नाही."

"बघायचंय काय त्यात? मला पाठ आहे."

पाठ तर साऱ्या अनलोगा गावाला होतं. इंग्रजांच्या अमदानीत डोगबेच्या आजोबांनी, तोग्बी लोत्सूंनी, जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाला पत्र लिहून ठणकावलं होतं : वीतभर जमीन देणार नाही! चाळीस वर्षं डोगबे प्रत्येक मयताला आणि बारशाला हे सांगत आला होता. शाळेच्या फाटकावर ते वाक्य सोनेरी रंगात लिहून झालं होतं. शनिवारी पडदा दूर व्हायचा होता. आणि आज सकाळीच राजधानीतल्या ग्रंथालयानं जुन्या पत्रांचं प्रदर्शन इंटरनेटवर मांडलं, जगानं घरबसल्या पाहावं म्हणून. जगाचं एक वेळ ठीक. पण शेजारचा गामेलीही पाहायला आला होता, स्वतःचं स्टूल घेऊन.

पत्र डोगबेनं कधी पाहिलं नव्हतं. फक्त त्याची आई ही गोष्ट निघाली की उठून चुलीकडे जायची, आणि पाठमोरी उभी असताना तिचे खांदे हलायचे. ते त्यानं पाहिलं होतं.

"अक्षरं आली!" गामेली ओरडला. "एफो, पंजा."

पंजा निघाला. पत्र वरून खाली ओळीओळीनं उमटत होतं. तेवढीच नेटवर्कची ताकद. एसिनाम वर्गात वाचावं तसं वाचू लागली.

"'साहेब महाराज, माझी वीतभर जमीनही मी देणार नाही...'"

डोगबेनं कपाळ पुसलं. सकाळपासून पहिल्यांदाच तो पाठ टेकून बसला.

"ऐकलंस, गामेली?"

"ऐकतोय ना. अजून खाली येतंय."

खाली आलं. एसिनामनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"वाच गं."

"'...आपल्या घोड्याला चरायला. त्यानं माझ्या कांद्याचे दोन वाफे खाल्ले. कृपया त्याला बांधून ठेवावे.'"

गामेली बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. त्याचं पोट मात्र हलत होतं. डोगबेनं अंगावरच्या कापडाचं टोक घेऊन फोनची काच पुसली. घोडा गेला नाही.

"साहेबानं बांधला का पण?" अखेर गामेलीनं विचारलं.

एसिनामनं बोट सरकवलं. खाली साहेबाचं एका ओळीचं उत्तर होतं. "'घोडा दुसरीकडे हलवला आहे.'"

"हलवला!" डोगबे ताडकन उठला. "म्हणजे हटला की गोरा!"

"घोडा हटला, एफो." गामेलीनं स्टूल उचललं, पण निघाला नाही. "आमच्याकडे पाच वाफे खाल्ले होते त्यानं. माझे आजोबा त्याला बघून सलाम ठोकायचे. घोड्याला." स्टूल काखेत मारून तो म्हणाला, "शनिवारी येतो मी. पुढं बसेन."

तो गेल्यावर डोगबे भाचीजवळ सरकला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला,

"पोरी, त्या ग्रंथालयवाल्यांना एक चिठ्ठी टाकशील? घोडा तेवढा सोमवारी दाखवा म्हणावं."