वाजणारी मासोळी

"ऐक गं, हिच्या पोटात घुंगरं आहेत," बाबा म्हणायचे. मी तेव्हा सात वर्षांची. स्वतः लाकडात कोरलेली, रंगवलेली मासोळी ते माझ्या कानाशी हलवायचे. आतल्या पोकळीत तीन छर्रे, पोटाखाली गळ. तलावातला बास मोठा चिडखोर मासा. पाण्यात असा खुळखुळाट ऐकला की चाल करून यायचा आणि गळाला लागायचा.

मग मासोळीचं नाव झालं. सुट्टीच्या दिवशी तलावावर होडीला होडी घासायची, आणि ज्याच्या त्याच्या दोरीला आमचीच मासोळी. हौशी लोक. बास धरायचे, फोटो काढायचे, परत सोडायचे. सुटलेला मासा ओठाला भोक आणि मनात तो आवाज घेऊन पाण्यात जायचा.

दोन वर्षांपूर्वी मी धक्क्यावरून मासोळी टाकून पाहिली. पाणी नितळ. एक थोराड बास, ओठ तीन जागी फाटलेला, लव्हाळ्यातून पुढे आला. मी दोरी ओढली, छर्रे वाजले, आणि तो गर्रकन वळून खोल गेला. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो. हा तर भांडं वाजताच पळाला.

विक्री बसली. बाबांनी पाण्याला शिव्या घातल्या, गिऱ्हाइकांना घातल्या आणि छर्रे वाढवले. तीनाचे पाच, पाचाचे सात. त्यांचे कान गेले होते. मला कळत होतं, ते मानत नव्हते.

"आवाज बारीक येतोय. लाकूड जाड ठेवलंस तू."

"नाही हो बाबा."

"तू आपली रंग लाव. हिचं पोट भरणं तुझ्या हातचं नाही."

खरं सांगावं तर त्यांचा जन्मभराचा हुन्नर मातीत जाणार. मी गिळलं. दुपारी ते आडवे झाले की मी मासोळीच्या पोटाचं बूच काढायचे, आत वितळलेलं मेण ओतायचे. छर्रे जागच्या जागी गोठायचे. वजन तेच, वाचा गेलेली.

मुकी मासोळी पाण्यात गेली, आणि बास पुन्हा लागू लागला. गिऱ्हाइकं परतली. त्यांना मासा हवा होता, नाद कुणाला हवा?

"सात छर्रे!" बाबा येईल त्याला सांगायचे. "बासलासुद्धा कारागिरी कळते. आमच्या लेकीला कळायचीय अजून." लोक हसायचे. मीही हसायचे, दात आवळून.

आज दुकान भरलेलं असताना यंदा नव्याने आलेला नावाडी मासोळी हलवून म्हणाला, "काका, ही वाजत नाही हो!"

"काय?"

"वाजत नाही!"

"कान तपासून घे लेका."

"मग तुम्हीच ऐका की."

बाबांनी ती कानाशी धरली. हलवली. डोळे मिटून पुन्हा हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. "खणखणीत वाजतेय!" मग माझ्याकडे वळले. "सांग गं या बहिऱ्याला."

सगळे माझ्याकडे बघत होते. ही गोष्ट कानात सांगायची होती, पण त्या कानात ती शिरलीच नसती. मला ओरडावंच लागलं.

"बाबा, नाही वाजत! दोन वर्षांत आपली एकही वाजलेली नाही. तो आवाज ऐकला की मासे पळतात, म्हणून मी सगळ्यांच्या पोटात मेण ओतते. आणि तुम्हाला ऐकू येत नाही, बाबा. काहीच ऐकू येत नाही!"