यंत्रावर बसलेलं भूत

इंदिरानगरच्या क्लबच्या मैदानावर दर अमावास्येला बघ्यांची जत्रा भरायची. मधोमध गवत कापायचं यंत्र फिरत असे, लहान ट्रॅक्टरसारखं, वर बसून चालवायचं. सुरुवातीला ते गुमान चालायचं. तापलं की आचके देत बंद पडायचं. मग पंचवटीचे पुंजानाथ महाराज मंत्र पुटपुटत पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायचे, तीर्थाचा थेंब सोडायचे, आणि यंत्र पुन्हा धडधडू लागायचं. बायका हात जोडायच्या. क्लबचे सेक्रेटरीही जोडायचे.

महाराजांचं निदान पक्कं होतं. पूर्वी हे यंत्र चालवणारा जीवन माळी आदल्या साली, सत्त्याण्णवला वारला. त्याच्या बायकोनेच करणी करून त्याला मारलं, म्हणून त्याचा आत्मा यंत्रावर बसतो. ती मैदानावरची खोली सोडेपर्यंत तो हलायचा नाही. रिकाम्या खोलीत महाराजांचा मठ व्हावा, हेही आत्म्याने महाराजांनाच सांगून ठेवलं होतं.

जीवनच्या बायकोला, वत्सलाबाईंना, नळावर कुणी उभं राहू देईना. येत्या अमावास्येला खोली सोडा, असं क्लबने बजावलं.

त्यांची मुलगी तृप्ती सातपूरला आयटीआयमध्ये इंजिनं शिकवायची. रविवारी मैदानावर कुणी नव्हतं, तेव्हा तिने यंत्र चालवून पाहिलं. तापल्यावर ते बंद पडलं. तिने प्लग काढून पाहिला. ठिणगी चांगली पडत होती. मग टाकीचं झाकण सैल केलं, तशी सुस्स करून हवा आत शिरली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते शेंदूर कालवलेल्या मेणाने बुजवलं होतं.

तिने मेण तसंच राहू दिलं. आई रडत भांडी बांधत होती, तरी तिलाही सांगितलं नाही. महाराज नुसता खोटा ठरून तिचं समाधान होणार नव्हतं. ज्या तोंडांनी आईला चेटकीण म्हटलं, त्या सगळ्यांसमोर तो उताणा पडायला हवा होता.

अमावास्येला महाराजांचा चेला धनराज यंत्र चालवत होता. ते बंद पडलं आणि महाराज पुढे सरसावले. तृप्तीने झाकणावर हात ठेवला.

"आज झाकण न उघडता करा महाराज. तीर्थ वरून शिंपडा."

"पोरी, आत्म्याशी खेळू नकोस."

"माझाच बाप आहे तो. त्याचं मी बघते."

महाराजांनी तीर्थ शिंपडलं, लिंबू कापलं, नारळ फोडला. धनराज किल्ली फिरवत राहिला. यंत्र नुसतं खोकत होतं. महाराजांच्या कपाळावरचा शेंदूर घामाने नाकावर ओघळला.

मग तृप्तीने झाकण उघडलं. सुस्स आवाज पुढच्या रांगेला ऐकू गेला. किल्ली फिरवताच यंत्र सुरू झालं. तिने झाकण धनराजच्या हातात दिलं आणि त्याच्याकडूनच टाचणीने मेण उकरवलं. हे कुणी भरलं, असं विचारल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, "महाराजांनी सांगितलं होतं."

तृप्ती बायकांकडे वळली. "तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट पडतं का? दुसरं पाडावं लागतं, हवेसाठी. तसंच हे. हवा अडली की पेट्रोल अडतं. यंत्र तापायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच पेट्रोल अडायला लागतो, म्हणून तापल्यामुळे बंद पडतंय असं वाटायचं."

महाराज निघू लागले. गर्दीने वाट अडवली. तृप्तीने मोकळं केलेलं झाकण टाकीवर घट्ट लावलं, त्यांना यंत्रावर बसवलं आणि साऱ्या मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. इंजिन चांगलं तापलं, पण कुठे अडखळलं नाही. पोरं हसत मागे धावत होती. गर्दीतल्या कुणी बोलावलेले पोलीस येईपर्यंत तिने त्यांना उतरू दिलं नाही.

सेक्रेटरी वत्सलाबाईंना म्हणाले, खोली तुमचीच.

"खोलीचं ऱ्हाऊ द्या," वत्सलाबाई म्हणाल्या. "ज्या ज्या घरात माझं नाव घेतलं, तिथं जाऊन सांगा, मी नवरा खाल्ला नाय."

सेक्रेटरी घरोघर गेले. तृप्ती प्रत्येक दारात त्यांच्या मागे उभी होती आणि तिचं एकच सांगणं होतं: "यंत्र बिघडलं तर यंत्र उघडून बघा. बिघाडासाठी बाई शोधाल, तर पुढची तुमच्याच घरातली निघेल."